मूठ कुणाची, झेंडा कुणाचा

जगात सगळ्यात चांगले बॉक्सर कुठल्या देशात तयार होतात, यावर आमच्या खात्यात नेहमी भांडण लागतं. सुट्टीच्या अर्ध्या तासात, डबा खाता खाता. एकजण म्हणतो अमेरिका. दुसरा म्हणतो क्युबा. तिसरा मोबाइलवर मेक्सिकोच्या फायटी दाखवतो आणि म्हणतो, हे बघा, ह्यांना मागं सरकणं माहीतच नाही. मी गिरणीत धागे सांधणारा माणूस. मिळेल ते वाचतो, इंग्रजी असलं तर शब्दकोश उशाला घेऊन वाचतो. कवितेच्या जोडीला बॉक्सिंगचा नाद आहे. म्हणून हे भांडण शेवटी माझ्याकडं येतं.

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच अर्धा आहे. देश बॉक्सर तयार करत नाही. त्या देशातला एक ठराविक थर तयार करतो. मग त्याच्या मुठीवर कुणीतरी मालकी सांगतं. कधी झेंडा सांगतो, कधी थैलीशहा सांगतो. यालाच वरच्या भाषेत हौशी आणि धंदेवाईक म्हणतात.

आधी हा ‘हौशी’ शब्द बघू. पेपरात ‘हौशी मुष्टियुद्ध’ असं छापून येतं. जो हौसेखातर लढतो, पैशासाठी नाही, तो हौशी. वाचायला बरं वाटतं. पण हौस कुणाला परवडते? ज्याच्या घरातली चूल त्याच्या आजच्या मजुरीवर अवलंबून नाही, त्याला.

ही विभागणी आली इंग्लंडमधनं. हातात ग्लोव्ह्ज, तीन मिनिटांचा राउंड, मधे एक मिनिट विश्रांती, पडलेल्याला उठायला दहा सेकंद, हे आजच्या बॉक्सिंगचे नियम १८६७ साली क्वीन्सबरी नावाच्या एका उमरावाच्या नावानं निघाले. लिहिले मात्र जॉन ग्रॅहम चेंबर्स या माणसानं. याच चेंबर्सनं आदल्या साली अ‍ॅमेच्युअर अ‍ॅथलेटिक क्लब काढण्यात पुढाकार घेतला होता. तो क्लब ‘जंटलमन’ लोकांचा. त्या जगात हौशी कुणाला म्हणायचे, हे होड्यांच्या शर्यतीत तर उघड लिहूनच ठेवलेलं सापडतं. हेन्ली इथल्या शर्यतीच्या १८७९ च्या नियमात होतं, की जो पोटासाठी कारागिरी करतो, यंत्रावर काम करतो किंवा मजुरी करतो, तो हौशी नव्हे. त्यानं होडी वल्हवायचा एक पैसा घेतलेला नसला तरी नव्हे. १९२० साली जॉन केली नावाच्या अमेरिकन माणसाचा अर्ज तिथं नाकारला गेला. जी कारणं दिली त्यात एक हे होतं, की तो हातानं काम करणारा आहे. केली विटा रचणारा गवंडी होता. त्याच वर्षी त्यानं ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मारली.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. हाताला काम लागलं की माणूस बाटतो, हे आपल्या बापजाद्यांनी ज्या मातीत ऐकलं ती फक्त आपलीच माती नव्हती तर. आपल्याकडं बाटणं जन्मावर ठोकलं, तिकडं मजुरीवर ठोकलं. तेव्हा ‘हौशी’ शब्द ऐकला की भुलायचं नाही. आधी विचारायचं, दाराबाहेर कोण उभा आहे?

आता अमेरिकेचा हिशेब काढू. १९५२ साली वायनबर्ग आणि अ‍ॅरंड या दोघा समाजशास्त्रज्ञांनी बॉक्सरांच्या धंद्यावर एक अभ्यास छापला. त्यात त्यांनी दाखवलं, की शहरातल्या सगळ्यात खालच्या वस्तीत ज्या काळात जो समाज राहतो, त्या काळात त्याच समाजाची पोरं रिंगमध्ये दिसतात. आधी आयरिश. मग ज्यू. मग इटालियन. मग काळे. पुढं मेक्सिकन आणि पोर्टोरिकन पोरं आली. एक समाज जरा वर सरकला, त्याची पोरं कारकून, वकील, दुकानदार झाली, की रिंगमधली त्यांची नावं गळत जातात. कुणाच्या रक्तात ठोसा नसतो. ज्याला दुसरं दार बंद, तो या दारानं आत शिरतो.

आणि आत शिरल्यावरही दार सताड उघडं नसायचं. जॅक जॉन्सन १८७८ साली टेक्सासमध्ये जन्मला. त्याचे आईबाप गुलामगिरीतनं सुटलेले. हेवीवेट किताबासाठी गोरे चॅम्पियन काळ्यांशी लढतच नव्हते. हरण्यापेक्षा विटाळ बरा नाही, असा हिशेब. जॉन्सननं टॉमी बर्न्सचा पिच्छा थेट ऑस्ट्रेलियापर्यंत पुरवला आणि १९०८ च्या डिसेंबरात सिडनीला त्याला हरवून किताब घेतला. मग गोऱ्या अमेरिकेनं निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजला शेतीवरनं उठवून आणलं. ४ जुलै १९१० ला रीनो गावात जॉन्सननं त्यालाही लोळवलं. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या आणि त्यात काळी माणसं मारली गेली. रिंगमध्ये एक काळा जिंकला, त्याची किंमत रस्त्यावरच्यांनी मोजली. पुढं १९१३ साली गोऱ्या बाईबरोबरच्या संबंधांवरनं एक कायदा वापरून जॉन्सनला दोषी ठरवलं. त्याची माफी आली २०१८ साली. तो मरून ७२ वर्षं झाली होती.

मग जो लुईस. अलाबामात वाट्यानं शेती करणाऱ्याचा पोरगा. डेट्रॉइटला आला, फोर्डच्या कारखान्यात राबला. २२ जून १९३८ ला त्यानं जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच राउंडमध्ये, १२४ सेकंदांत संपवलं. हिटलरच्या माणसाला हाणला म्हणून गोऱ्या अमेरिकेनंसुद्धा त्याला डोक्यावर घेतलं. तो धंदेवाईक होता, पण त्या रात्री झेंड्यानं त्याला आपला म्हटलं. १९४२ साली त्यानं दोन लढतींची कमाई आरमाराच्या आणि लष्कराच्या मदतनिधीला दिली. पुढं त्याच देशाच्या करखात्यानं त्याच्यामागं लाखो डॉलरच्या थकबाकीचा तगादा लावला. शेवटची वर्षं लास व्हेगासच्या जुगारघरात येणाऱ्याजाणाऱ्यांशी हात मिळवण्यात गेली. मूठ उघडली आणि तीही विकावी लागली.

जो फ्रेझर, दक्षिण कॅरोलायनातल्या गरीब शेतकऱ्याचा पोर, झाडाला पोतं टांगून त्यावर ठोसे मारायला शिकला. फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात कामाला होता. १९६४ ला टोकियोत सुवर्णपदक घेतलं आणि ८ मार्च १९७१ ला अलीशी लढताना दोघांनाही पंचवीस पंचवीस लाख डॉलर मिळाले. अलीची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६० ला रोममध्ये हौशी सुवर्ण. १९६४ ला जगज्जेता. लगेच धर्म जाहीर केला आणि गुलामांच्या मालकांनी दिलेलं नाव टाकून दिलं. नाव टाकणं म्हणजे काय आणि धर्म टाकणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. १९६७ ला व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला. किताब काढून घेतला, परवाना काढून घेतला, ऐन भरातली साडेतीन वर्षं गेली. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. मला अलीचा सगळ्यात मोठा ठोसा हाच वाटतो. माझी मूठ कुणावर उगारायची ते मी ठरवणार, हे त्यानं झेंड्यालाही सांगितलं.

आता एक रात्र सांगतो, जी मला विसरता येत नाही. २४ मार्च १९६२, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. एका कोपऱ्यात बेनी पारेट. क्युबातला ऊसतोड कामगार, लिहितावाचता न येणारा. दुसऱ्या कोपऱ्यात एमिल ग्रिफिथ. व्हर्जिन आयलंड्समधनं आलेला, बायकांच्या हॅट बनवणाऱ्या कारखान्यातला कामगार. उकाड्यात शर्ट काढून काम करताना मालकानं त्याचे खांदे बघितले आणि त्याला जिममध्ये नेलं. म्हणजे दोघंही आपल्यातलेच. पारेटनं तीन महिन्यांपूर्वीच जीन फुलमरकडनं बेदम मार खाल्ला होता. त्याला घरी बसवायला पाहिजे होतं. पण तारीख ठरलेली, टीव्हीवर दाखवायचं ठरलेलं. बाराव्या राउंडमध्ये पारेट कोपऱ्यातल्या दोरांना अडकून उभ्याउभ्याच शुद्ध हरपला आणि दोरांमुळं खालीही पडेना. ग्रिफिथ मारत राहिला. रेफरीनं थांबवलं तोवर उशीर झाला होता. दहा दिवसांनी पारेट मेला. वय २५. घराघरांत टीव्हीवर लोकांनी हे बघितलं. ग्रिफिथला ती रात्र जन्मभर छळत राहिली. ऊस तोडणाऱ्यानं आणि हॅट करणाऱ्यानं एकमेकांना मारलं, आणि तिकिटाचे पैसे मोजणाऱ्यांच्या अंगावर एक ओरखडा नाही. धंदेवाईक म्हणजे काय, ते मला त्या बाराव्या राउंडनं शिकवलं.

त्याच १९६२ साली क्युबाच्या क्रांतिकारी सरकारनं धंदेवाईक खेळावर बंदी घातली. पारेटमुळं नाही. खेळाडूचं शरीर बाजारात विकायचं नाही, हे त्यांचं धोरण होतं. त्याआधी क्युबात बॉक्सर नव्हते असं नाही. हवानाच्या रस्त्यावर पेपर विकणारं पोरगं ‘किड चॉकलेट’ या नावानं १९३१ ला क्युबाचं पहिलं जगज्जेतं झालं होतं. पण एखादाच निसटायचा, बाकीचे उसाच्या फडात.

बंदीनंतर त्यांनी काय केलं ते नीट वाचा, कारण आपल्या कामाचं आहे. गावोगावी ट्रेनर नेमले. चुणूक दिसली की पोराला प्रांताच्या क्रीडाशाळेत घेतलं. तिथं खाणं, राहणं, शाळा आणि सराव, सगळं सरकारचं. तिथनं निवडून राष्ट्रीय तळावर. अल्सिदेस सागार्रा हा मुख्य प्रशिक्षक. त्याच्या जोडीला सोव्हिएत रशियातनं आंद्रेई चेरव्होनेन्को आला. अमेरिकन काळ्यांची लय आणि रशियनांची शिस्त, दोन्ही एका अंगात घातली. १९६८ ला दोन रौप्य. १९७२ ला तीन सुवर्ण. १९८४ आणि १९८८ ची ऑलिंपिकं बहिष्कारात गेली. तरी १९९२ ला बार्सिलोनात बारापैकी सात सुवर्णपदकं. एक कोटीच्या आसपास वस्तीचा देश, आणि २०२४ पर्यंत बॉक्सिंगची चाळीसहून जास्त ऑलिंपिक सुवर्णपदकं. त्यांच्या पुढं फक्त अमेरिका, जी १९०४ पासून खेळत आलेली आहे आणि वस्तीनं तीसपट मोठी आहे.

तेओफिलो स्टीव्हन्सन हा त्यांचा हेवीवेट. बाप सेंट व्हिन्सेंट बेटावरनं आलेला. १९७२, १९७६, १९८० अशी तीन सुवर्णपदकं. अलीशी लढ, दहा लाखांहून जास्त डॉलर देतो, म्हणून अमेरिकन प्रमोटर मागं लागले. तो गेला नाही. माझ्या लोकांच्या प्रेमापुढं हे पैसे काय, अशा अर्थाचं त्याचं उत्तर जगभर गाजलं. मी हे उत्तर डोक्यावर घेऊन नाचलो असतो. पण पुढचंही वाचलंय.

गिलेर्मो रिगोंदो. २००० आणि २००४ असं दोनदा सुवर्ण. २००७ ला रिओमध्ये स्पर्धा चालू असताना तो आणि एरिसलांदी लारा संघातनं निसटले. परत पाठवले गेले आणि संघातनं कायमचे बाहेर झाले. २००९ ला रिगोंदो देश सोडून गेला आणि धंदेवाईक जगज्जेता झाला. २००४ चे आणखी तीन सुवर्णविजेते २००६ सालीच पळाले होते. हंगेरीचा लास्लो पाप तर याच्याही आधीचा. १९४८, १९५२, १९५६ अशी तीन सुवर्णपदकं घेणारा पहिला माणूस. सरकारच्या खास परवानगीनं धंदेवाईक झाला, युरोपचा विजेता झाला, जगज्जेतेपदाची लढत दिसू लागली आणि सरकारनं परवानगी काढून घेतली. तेव्हा झेंडाही मालक होतो. थैलीशहा मूठ विकत घेतो, झेंडा ती राखून ठेवतो. शेवटी २०२२ साली क्युबानं साठ वर्षांची बंदी सैल केली. त्यांचे बॉक्सर सरकारच्या संमतीनं मेक्सिकोत धंदेवाईक लढतीत उतरले.

मेक्सिकोचं उलटं. ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगची दोनच सुवर्णपदकं, दोन्ही १९६८ ला घरच्या मैदानात मिळालेली. धंदेवाईक जगज्जेते मात्र ढिगानं. हुलिओ सेसार चावेझ लहानपणी आईबाप-भावंडांसह रेल्वेच्या टाकून दिलेल्या डब्यात राहायचा. फिलिपाइन्सला बॉक्सिंगचं एकही ऑलिंपिक सुवर्ण नाही. पण मॅनी पॅकियाओ, मनिलाच्या रस्त्यावर झोपलेला पोरगा, सोळाव्या वर्षी पैशासाठी रिंगमध्ये उतरला आणि आठ वजनगटांत जगज्जेता झाला. अशा घरातल्या पोराला चार वर्षांनी येणाऱ्या ऑलिंपिकची वाट बघता येत नाही. त्याला या शनिवारी पैसे लागतात.

आमच्या खात्यात विचारतात, मग दोघांत भारी कोण? तर हे दोन वेगळे धंदे आहेत. हौशी लढत तीन राउंडची. पहिल्या मिनिटापासनं वेगात, स्वच्छ ठोसे मोजून घ्यायचे, पळायचं. धंदेवाईक बारा राउंडची. तिथं बरगडीवर, पोटावर मार देत समोरच्याचे पाय आठव्या-नवव्या राउंडपर्यंत जड करायचे असतात. २०१६ ला रिओत पहिल्यांदा धंदेवाईकांना ऑलिंपिकचं दार उघडलं. तिघेच आले, त्यात थायलंडचा आणि कॅमेरूनचा माणूस जगज्जेता राहिलेला. एकालाही पदक नाही. उलट उझबेकिस्ताननं २०२४ ला पॅरिसात पुरुषांची पाच सुवर्णपदकं घेतली. त्यांचा हेवीवेट जलोलोव्ह धंदेवाईक लढतीही लढतो. म्हणजे भिंत आता पडत चालली आहे. आणि हौशी म्हणजे निर्मळ, हेही खोटं. १९८८ ला सोलमध्ये रॉय जोन्सनं अंतिम लढतीत सरळ सरळ धुतलं, आणि पंचांनी ३-२ नं सुवर्ण दिलं यजमान कोरियाच्या पोराला. धंदेवाईकात अंगावर मरण येतं. १९८२ ला लास व्हेगासला दक्षिण कोरियाचा किम चौदाव्या राउंडनंतर गेला, तेव्हा कुठं पंधराचे बारा राउंड झाले. हौशीत कागदावर मरण येतं.

आता आपलं. भूकच जर बॉक्सर तयार करत असती, तर आपल्या देशाला पदकं ठेवायला जागा पुरली नसती. भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक २००८ साली आलं, विजेंदरचं कांस्य. बाप हरियाणाच्या एस.टी.चा ड्रायव्हर. मग २०१२ ला मणिपूरची मेरी कोम, टोकियोला आसामची लवलीना. तिन्ही कांस्यच. २०२४ पर्यंत सुवर्ण सोडा, रौप्यसुद्धा नाही. म्हणजे भूक पुरत नाही. भूक फक्त मूठ विकायला लावते. मूठ घडवायला वस्तीजवळ रिंग लागते, रोजचं दूध-अंडं लागतं, ट्रेनर लागतो आणि हरल्यावर दुसरी संधी लागते. क्युबानं हे दिलं म्हणून तिथं ऊसतोड्याच्या पोरांतनं तीन तीन सुवर्णं निघाली. आपल्याकडं ‘हौशी’ बॉक्सर खरं तर रेल्वे, पोलीस नाहीतर लष्करातल्या नोकरीसाठी लढतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती हौस नसून पोटाची लढाई आहे, एवढंच मोकळेपणानं म्हणावं.

आमच्या वस्तीत एक पोरगा आहे, एकोणीस वर्षांचा. दिवसा मंडपाचे बांबू उचलतो, संध्याकाळी मैदानाच्या कडेला एका फाटक्या बॅगवर ठोसे मारतो. जिल्ह्यात जिंकून आलाय. परवा एक माणूस त्याला भेटला. पैशाच्या फायटी लावतो म्हणाला, एका फायटीचे एवढे एवढे देतो, सही कर. कागद इंग्रजीत. पोरगा तो घेऊन माझ्याकडं आला, कारण वस्तीत मीच शब्दकोशवाला. पोरानं विचारलं, दादा, करू का? रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. मी त्याला उपदेश केला नाही. भरल्या पोटानं कुणी उपदेश करावा, तर माझंही पोट भरलेलं नाही.

आम्ही दोघं कागद घेऊन बसलो, ओळ न् ओळ लावली. तो पुढची अमुक वर्षं दुसऱ्या कुणासाठी लढणार नाही, हे तीनदा लिहिलेलं. डोक्याला मार लागला तर दवाखाना कोण करणार, हे एकदाही नाही. मी त्याला म्हटलं, माझं बोट यंत्रात गेलं तर माझ्याकडं ई.एस.आय.चं कार्ड आहे. ते मालकाच्या दयेनं आलेलं नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री असताना त्याची आखणी झाली आणि १९४८ ला कायदा झाला. बॉक्सर हाही कामगारच. त्याचं यंत्र म्हणजे त्याचंच डोकं. अमेरिकेत इतकी माणसं मेल्यावर, २००० साली, प्रमोटरच्या असल्या कागदांना लगाम घालणारा कायदा झाला. त्याला अलीचं नाव दिलंय. कॅलिफोर्निया राज्यात १९८२ पासनं बॉक्सरांसाठी पेन्शनचा निधी आहे. हे तिकडं होतं, तर इकडं मागायला काय हरकत आहे?

म्हणून, दोस्तहो, खात्यातल्या भांडणाला माझं उत्तर असं. हौशीत क्युबा, धंदेवाईकात अमेरिका आणि मेक्सिको, आणि आता दोन्हीकडं नजर ठेवून असलेला उझबेकिस्तान. पण सगळ्यात चांगला देश मी त्याला म्हणेन, जिथं पस्तिसाव्या वर्षी बॉक्सर मूठ उघडतो तेव्हा त्याच्या हातात भाकरी असते आणि डोकं ठिकाणावर असतं. असा देश मला अजून यादीत सापडलेला नाही.

तुमच्या तुमच्या वस्तीत असा एकतरी पोरगा किंवा पोरगी असणार. टाळ्या वाजवून थांबू नका. त्यांच्या हातात कुणी कागद दिला तर तो आधी वाचून द्या. आमच्या पोरानं सही केलेली नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोघांनी मराठीत तीन प्रश्न लिहिलेत: दवाखाना कोणाचा? थांबायचं ठरवलं तर दंड किती? वजन आणि तारीख कोण ठरवणार? त्या माणसानं लेखी उत्तर द्यायचं. मग बघू.